‘निगेटिव्ह’ रिपोर्ट आणि सुजलेली पावले: ल्युपसच्या एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील रुग्ण बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वस्तीवर राहणारी २७ वर्षांची ऊसतोड मजूर स्त्री आहे. तिच्या संमतीने हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ल्युपसचा, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराचा, प्रत्येक रुग्ण सांगण्यासारखा असतोच, पण हे प्रकरण लिहून ठेवावेसे वाटले त्याचे कारण वेगळे आहे. आजाराच्या पहिल्याच हंगामात रक्ताच्या एका अहवालावर मी नको तेवढा विसंबलो, आणि पुढच्या दोन महिन्यांत तिच्या मूत्रपिंडांचा दाह कोणाच्याही लक्षात न येता वाढत गेला. तो अहवाल खोटा नव्हता. मी त्याची तुलना चुकीच्या आकड्याशी केली होती.

पहिली भेट

गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात, टोळी कारखान्यावरून गावी परतल्यावर, ती नवऱ्यासोबत ओपीडीत आली. दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर लालसर चट्टे होते, हातांची बोटे सकाळी तासभर आखडत होती, मनगटे सुजली होती, केस विंचरताना मुठीने गळत होते आणि तोंडात टाळूवर न दुखणारे व्रण होते. गेले दोन महिने हे चालू असूनही तिने कुठे दाखवले नव्हते. “उन्हानं करपलंय तोंड, अन् मोळ्या वाहून हात दुखतेत, दुसरं काय,” असे ती म्हणाली. दिवसभर उन्हात ऊस तोडणाऱ्या आणि डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या बाईचे सांधे दुखले तर त्यात आजार शोधावा असे कोणाला सुचत नाही; कोपीवर राहणाऱ्या टोळीत तर प्रत्येकीचेच अंग दुखत असते. पण कष्टाने दुखणारा सांधा विसाव्याने सैल होतो. हिचे सांधे विसाव्यानंतर, म्हणजे पहाटे, जास्त आखडत होते. एवढ्या एका उत्तरावर मी तपासण्या लिहिल्या.

हिमोग्लोबिन ९.१, पांढऱ्या पेशी ३,२००, दाह दाखवणाऱ्या दोन चाचण्यांपैकी ईएसआर ७८ आणि सीआरपी मात्र ४, म्हणजे जवळजवळ सामान्य. एएनए, म्हणजे पेशीकेंद्राविरुद्धची प्रतिपिंडे (अँटिबॉडी), १:६४० ला पॉझिटिव्ह होते. डीएसडीएनए, म्हणजे दुपदरी डीएनए, याविरुद्धची प्रतिपिंडे (पुढे नुसते ‘डीएसडीएनए’) एलायझा या मोजणीच्या पद्धतीने १८६ आली. त्या लॅबची वरची मर्यादा ३० होती. रोगप्रतिकारात भाग घेणाऱ्या पूरक प्रथिनांपैकी (कॉम्प्लिमेंट) सी-३ ६२ (सामान्यतः ९० ते १८०) आणि सी-४ ७ (सामान्यतः १० ते ४०) मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर होते. लघवीतले प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून किती प्रथिन गळते याचे माप) ०.२ आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा घटक) ०.७, म्हणजे मूत्रपिंडे शाबूत होती. २०१९ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार एएनए पॉझिटिव्ह असताना एकूण १० गुण भरले की ल्युपस मानावा असे आहे. तिच्या सांध्यांचे सहा आणि डीएसडीएनएचे सहा मिळूनच १२ होत होते.

उपचारात ल्युपस आटोक्यात ठेवणारे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज २०० मिलिग्रॅम सुरू केले. तिचे वजन ४२ किलो होते आणि किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर हे औषध देऊ नये, कारण दीर्घकाळात ते डोळ्यांच्या पडद्याला बाधते. सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड २० मिलिग्रॅमपासून सुरू करून टप्प्याटप्प्याने ५ वर आणले. दिवाळीच्या आधी तिचे सांधे मोकळे झाले होते आणि नवे केस येत होते. डीएसडीएनए ५८, सी-३ ९७, सी-४ ९. पांढऱ्या पेशी ५,२०० आणि त्यांत लिम्फोसाइट ३० टक्के, म्हणजे १,५६०.

हे आकडे नेमके काय सांगतात

पुढचा प्रसंग समजण्यासाठी इथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्रातील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. उन्हातील अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात तेव्हा हे घटक बाहेर उघडे पडतात, म्हणूनच ऊन हे या आजाराचे नुसते निमित्त नसून इंधन आहे. डीएनए आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडे यांची जी संयुगे बनतात ती मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात आणि तिथे पूरक प्रथिनांची साखळी पेटवतात. त्या साखळीत आधी सी-४ आणि मग सी-३ खर्ची पडते. त्यामुळे आजार भडकताना प्रतिपिंडे वाढावीत आणि पूरक प्रथिने घटावीत, हे ढोबळ गणित बनते. डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे १९५७ साली प्रथम वर्णिली गेली. त्याआधी, १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ओळखली गेलेली एलई पेशी (दुसऱ्या पेशीचे केंद्र गिळलेली पांढरी पेशी) हाच ल्युपसचा प्रयोगशाळेतील पुरावा होता. इतकी वर्षे लोटली तरी रोजच्या देखरेखीत डीएसडीएनए, सी-३ आणि सी-४ यांची जागा पूर्णपणे घेईल असे काही आपल्या हाती आलेले नाही.

पण या ढोबळ गणिताला अपवाद बरेच आहेत. पूरक प्रथिने मुख्यतः यकृतात बनतात आणि दाह असताना त्यांचे उत्पादनही वाढते, त्यामुळे खर्च जास्त असूनही रक्तातील पातळी काही काळ सामान्य दिसू शकते. गरोदरपणात ती एरवीही वाढते, म्हणून गरोदर रुग्णाचे ‘सामान्य’ सी-३ हे खरोखर घटलेले असू शकते. सी-४ ची जनुके काही माणसांत जन्मतःच कमी असतात. अशा रुग्णाचे सी-४ आजार शांत असतानाही खालीच राहते, आणि ते वर यावे म्हणून स्टेरॉइड वाढवत नेणे म्हणजे रुग्णाला विनाकारण शिक्षा करणे होय. डीएसडीएनएच्या बाबतीत तर पद्धतीचाच मोठा प्रश्न आहे. एलायझा पद्धत सैल बंधाची प्रतिपिंडेही मोजते. क्रिथिडिया या सूक्ष्म जीवावर केली जाणारी प्रतिदीप्तीची चाचणी मुख्यतः घट्ट बंधाची प्रतिपिंडे पकडते. ती अधिक विशिष्ट असते, पण तिच्यातून सुटणारे रुग्णही अधिक असतात. या दोन चाचण्यांचे निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाढले की घटले हे ठरवता येत नाही. मला हे पाठ होते, आणि तरीही मी तेच केले.

कारखान्यावरचे पाच महिने

तिने त्या हंगामात तोडीला जाऊ नये असे मी स्पष्ट सांगितले होते. तिचे उत्तर सरळ होते. “डॉक्टर, दोघांचा मिळून एक कोयता धरतेत. उचल घेऊन झालीया. म्या नाही गेले तर मुकादम ह्यांना एकट्याला न्यायचा न्हाई, अन् पैसे तर खर्चून गेले.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला बांधलेले कापड, दुपारी शक्य तेवढी सावली, तीन महिन्यांच्या गोळ्या आणि एका कागदावर लिहिलेल्या तपासण्या एवढे देऊन मी तिला जाऊ दिले. कागदावर हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), डीएसडीएनए, सी-३, सी-४ आणि लघवी असे सर्व लिहिले होते. यांतली कोणती सगळ्यांत महत्त्वाची, हे मात्र लिहिले नव्हते.

जानेवारीच्या मध्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याजवळील एका लॅबचा अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर आला. जवळच्या पैशात सगळे बसेना, तेव्हा तिने लॅबवाल्याला विचारून “ल्युपसची मेन तपासणी” आणि हिमोग्राम एवढेच करून घेतले होते. डीएसडीएनएसमोर ‘निगेटिव्ह’ असे छापलेले होते. दिवाळीच्या ५८ वरून निगेटिव्ह, म्हणजे उत्तम प्रगती, असे समजून मी गोळ्या तशाच चालू ठेवायला सांगितले. तो फोटो आज पुन्हा मोठा करून पाहतो तेव्हा निकालाखालच्या बारीक अक्षरांतील पद्धतीचे नाव स्पष्ट वाचता येते: क्रिथिडिया. पांढऱ्या पेशी ३,९०० होत्या. लिम्फोसाइटचा आकडा फक्त टक्केवारीत होता, १७ टक्के. तो गुणाकार मी केला नाही. केला असता तर ६६३ आले असते, म्हणजे दिवाळीच्या निम्म्याहूनही कमी, आणि ल्युपस भडकताना हाच आकडा घटतो. गुणाकाराला दहा सेकंद लागले असते. ईएसआर ६४ होता आणि तो मी तिच्या पंडुरोगाच्या (हिमोग्लोबिन कमी असण्याच्या) खात्यात टाकला. लघवीचा अहवाल नाही, हे माझ्या ध्यानातही आले नाही.

मार्चच्या शेवटी ती परतली तेव्हा सकाळी डोळ्यांभोवती सूज होती, पावलांवर बोटाने दाबले की खळगा राहत होता आणि लघवीला फेस येत होता. रक्तदाब १५०/९६. लघवीत प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर २.८, लाल पेशी आणि मूत्रपिंडाच्या नलिकांत बनलेले त्यांचे साचे. नेहमीच्या लॅबमध्ये, नेहमीच्या एलायझाने, डीएसडीएनए ३१०. सी-३ ४१, सी-४ ४, अल्ब्युमिन २.६. क्रिएटिनिन १.१ होते आणि त्यासमोर लॅबने कोणतीही खूण केली नव्हती, कारण छापील मर्यादेत ते बसत होते. पण तिच्या स्वतःच्या ०.७ शी ताडून पाहिले तर ती निम्म्याहून अधिक वाढ होती. सीआरपी ५. छत्रपती संभाजीनगरला मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासला, त्यात चौथ्या वर्गाचा, म्हणजे बहुतांश गाळण्यांत पसरलेला ल्युपस नेफ्रायटिस आढळला.

तिने गोळ्यांची पिशवी सोबत आणली होती. रक्तातील हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची पातळी मोजून रुग्ण औषध घेतो की नाही हे कळू शकते, पण ती सोय आमच्याकडे नाही. आमच्याकडे पिशवी आहे. मी ती टेबलावर रिकामी केली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या दहा-दहा गोळ्यांच्या नऊ स्ट्रिप दिल्या होत्या, त्यांपैकी चार न फोडलेल्या निघाल्या. कोणीतरी या गोळ्या उष्ण पडतात असे सांगितले म्हणून ती एक दिवसाआड घेत होती, आणि शेवटी तर तेही सुटले होते. तिला दोष देण्याची माझी इच्छा नाही. या गोळीने लगेच काही वाटत नाही, थांबवल्यानेही लगेच काही वाटत नाही, आणि गोळीबद्दल माझ्याशी बोलायला त्या पाच महिन्यांत फोनवरच्या एका फोटोपलीकडे जागा नव्हती.

उपचार, आणि मध्येच आलेला ताप

मिथाइलप्रेडनिसोलोन ५०० मिलिग्रॅम शिरेतून तीन दिवस दिले आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी रोगप्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोफॉस्फमाइड ५०० मिलिग्रॅम, असे सहा डोस ठरवले. रोज तोंडाने घ्यायचे मायकोफेनोलेट हाही तितकाच मान्य पर्याय होता. पण पिशवीतल्या चार स्ट्रिप पाहिल्यावर आमच्यासमोर दिले जाणारे औषध मला अधिक भरवशाचे वाटले. दुसऱ्या मुलानंतर तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे या औषधांनी गर्भाला होणाऱ्या अपायाचा प्रश्न उरला नव्हता.

चौथ्या डोसनंतर नवव्या दिवशी तिला १०२ ताप भरला. घरच्यांना आजार उलटला असे वाटले, आणि गावाकडच्या डॉक्टरांनी स्टेरॉइड वाढवावे का, असे फोनवर विचारले. इथे मात्र रक्ताने नीट मार्ग दाखवला. डीएसडीएनए १४० पर्यंत उतरलेले होते, सी-३ ७० पर्यंत चढलेले होते, लघवीत नवे काही नव्हते, आणि सीआरपी १२६ होता. ल्युपसमध्ये इंटरफेरॉनचा (रोगप्रतिकारातील एका संदेशवाहक प्रथिनाचा) जोर असतो आणि तो यकृतातील सीआरपीचे उत्पादन दडपतो, म्हणून आजार ऐन भरात असतानाही हा आकडा बहुधा खालीच राहतो. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आवरणात पाणी झाले, किंवा सांधे फार सुजले, तर तो वाढू शकतो; पण तिच्या छातीच्या एक्स-रेत पाणी नव्हते, उजवीकडे खालच्या भागात न्यूमोनियाचा डाग होता. क्षयासाठी थुंकी तपासली, ती निगेटिव्ह आली. प्रतिजैविके दिली, सायक्लोफॉस्फमाइडचा पुढचा डोस लांबवला, स्टेरॉइड आहे तेवढेच ठेवले, आणि आठवड्याभरात ताप उतरला. मार्चमध्ये सीआरपी ५ असताना आजार मूत्रपिंड पोखरत होता आणि आता १२६ असताना आजार ओसरत होता, ही गोष्ट ज्यांना केवळ “सीआरपी वाढला की दाह वाढला” एवढेच शिकवले गेले आहे त्यांच्यासमोर मी आवर्जून मांडतो.

सहा डोस संपल्यावर मायकोफेनोलेट सुरू केले. लघवीतले गुणोत्तर तीन महिन्यांनी १.९, सहा महिन्यांनी ०.९ आणि वर्षाने ०.४ झाले. तीन महिन्यांत किमान चतुर्थांश, सहा महिन्यांत किमान निम्मी घट आणि वर्षाअखेर ०.५ ते ०.७ च्या खाली, हे युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांतील टप्पे तिने वेळेत गाठले. सी-४ मात्र ८-९ च्या वर कधीच गेले नाही, आणि डीएसडीएनए ७० च्या आसपास रेंगाळते. रक्तात हालचाल आणि शरीरात शांतता, अशी ही अवस्था ल्युपसमध्ये पुष्कळांना असते. केवळ या दोन आकड्यांसाठी मी स्टेरॉइड वाढवलेले नाही. भेटी तेवढ्या जवळजवळ ठेवल्या आहेत.

काय बदलले

पहिला बदल लॅबबाबत आहे. तिचे डीएसडीएनए, सी-३ आणि सी-४ एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने होतात, आणि ती बाहेरगावी असेल तर हे तिन्ही परत आल्यावरच करायचे असे ठरले आहे. तिकडे तिने फक्त हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि लघवी करायची. एएनए मी पुन्हा कधीच लिहीत नाही. ते निदानाच्या दारापाशी उपयोगी पडते, पण आजाराच्या चढउताराशी त्याची पातळी जुळत नाही. रुग्णाचे हजारेक रुपये त्यावर पुन्हापुन्हा खर्च होताना मी पाहतो तेव्हा वाईट वाटते, कारण तेवढ्यात वर्षभराची लघवी तपासून होते. ईएसआरचा नमुना तासन्‌तास पडून राहिला तर आकडा खोटा उतरतो, म्हणून तालुक्याच्या संकलन केंद्रावरून मोटारसायकलने येणाऱ्या नळीचा ईएसआर मी जमेस धरत नाही. शिवाय पंडुरोग आणि लघवीतून जाणारी प्रथिने यांनीही तो चढतो, तेव्हा एकट्या ईएसआरवरून निष्कर्ष काढणे मी सोडले आहे.

इंटरफेरॉनवर चालणाऱ्या जनुकांचा ठसा २००३ पासून अभ्यासला जातो आहे, आणि पेशींना चिकटलेली पूरक प्रथिने मोजणाऱ्या चाचण्याही परदेशात वापरात आहेत. त्या इकडे आल्या तर मला आनंदच होईल. पण या प्रकरणात जानेवारीत जी चाचणी हवी होती ती लघवीत बुडवायच्या पट्टीची होती, आणि ती कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात होते.

दुसरा बदल म्हणजे एक जाड पुठ्ठ्याचा तक्ता. त्यावर डावीकडे तपासण्यांची नावे आहेत आणि पहिल्या रकान्यात लॅबची छापील मर्यादा नसून तिचे स्वतःचे शांत काळातले आकडे आहेत: क्रिएटिनिन ०.७, सी-३ ९७, सी-४ ९, लिम्फोसाइट १,५६०. पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडायचा. लिम्फोसाइटच्या ओळीत टक्केवारी लिहायची नाही, गुणाकार करूनच लिहायचे. खाली उरलेल्या स्ट्रिप मोजण्यासाठी एक ओळ आहे. लघवीच्या पट्ट्यांचा एक डबा तिला दिला आहे. दर रविवारी सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची, पाळीचे दिवस सोडायचे, झाकण घट्ट लावायचे, आणि हिरवा रंग दोन खुणांच्या पुढे गेला तर अहवालाची वाट न पाहता फोन करायचा. तक्ता ती स्वतः भरत नाही. चौथीत शिकणारी तिची मुलगी भरते, आणि आकडे फार नेटके काढते.

या वर्षी नवऱ्याने जोडीला भावाला घेऊन कोयता धरला आणि ती वस्तीवरच राहिली; उचल मात्र कमी मिळाली. गेल्या मंगळवारच्या भेटीत रक्तदाब १२०/७८ होता, पावले कोरडी होती, गुणोत्तर ०.४, क्रिएटिनिन ०.८, सी-३ ९२, सी-४ ८, डीएसडीएनए ७१, लिम्फोसाइट १,४१०, न फोडलेल्या स्ट्रिप शून्य. प्रेडनिसोलोन ५ वरून अडीचवर आणले आहे. पुढच्या भेटीच्या रकान्यात मुलीने तारीख लिहून ठेवली आहे.